क्यूटिप ५ : दूरच्या स्पिन क्यूबिट्सची जोडणी, लॅपटॉपवर

क्वांटम डॉट म्हणजे एखादा इलेक्ट्रॉन अडकवणारा अर्धवाहकातला सूक्ष्म खळगा; त्या इलेक्ट्रॉनचा स्पिन क्यूबिट, म्हणजे क्वांटम संगणकाचा बिट, म्हणून वापरतात. अशा स्पिनचे प्रयोग केल्व्हिनच्या शतांशांत चालतात. तेवढी थंडी करणारं यंत्र नाशिकच्या एमएस्सीच्या विद्यार्थ्याच्या हाताशी नसतं. पण दोन दूरचे स्पिन एकमेकांना कसे जाणवतात, याचं गणित कॉलेज रोडवरच्या कुठल्याही खोलीत आठ जीबी रॅमवर उत्तम चालतं. त्यासाठी क्यूटिप हे पायथनचं मोफत पॅकेज घ्यावं. याहून चांगली सुरुवात आम्हाला माहीत नाही.

पिप या पायथनच्या इन्स्टॉलरने ते सहज बसतं. अडचण येते जुन्या कोडची. नेटवरची बरीच उदाहरणं चौथ्या आवृत्तीची आहेत. २०२४ला आलेल्या पाचव्या आवृत्तीत सॉल्व्हरच्या सेटिंगचा ‘ऑप्शन्स’ हा क्लास गेला, त्याजागी साधी डिक्शनरी द्यावी लागते. क्वांटम सर्किटचा भाग तर वेगळं पॅकेज झाला आहे. जुना कोड जसाच्या तसा चिकटवला की पहिल्याच ओळीत एरर येते.

आता मुख्य काम. शेजारच्या डॉटमधल्या स्पिनची थेट, एक्स्चेंज नावाची जोडणी अंतरासोबत घातांकी वेगाने घटते, म्हणून दूरच्या स्पिनसाठी मध्ये सुपरकंडक्टिंग रेझोनेटर (मायक्रोवेव्ह फोटॉन धरून ठेवणारं सर्किट) ठेवतात. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाने २०२२मध्ये २५० मायक्रोमीटर अंतरावरचे स्पिन असेच जोडले. नमुन्यादाखल रेझोनेटर ६ गिगाहर्ट्झ, दोन्ही स्पिन त्यापासून २०० मेगाहर्ट्झ दूर, प्रत्येकाची फोटॉनशी जोडणी २० मेगाहर्ट्झ घ्या. परिणामी जोडणी २०चा वर्ग भागिले २००, म्हणजे २ मेगाहर्ट्झ. एका स्पिनची उत्तेजना दुसऱ्यावर पूर्ण जायला १२५ नॅनोसेकंद. ‘मेसॉल्व्ह’ या क्यूटिपच्या सॉल्व्हरने काढलेला आलेख याच्या जवळपास आला नाही, तर बहुधा २π राहिलेला असतो: क्यूटिपला हर्ट्झ नव्हे, कोनीय वारंवारता लागते. दुसरी नेहमीची अडचण म्हणजे ६ गिगाहर्ट्झ तसेच ठेवणं. सॉल्व्हर प्रत्येक आंदोलन मोजत बसतो आणि पायऱ्या संपल्याची तक्रार करतो. ‘एनस्टेप्स’, म्हणजे पायऱ्यांची मर्यादा, वाढवणं ही मलमपट्टी झाली. रेझोनेटरची वारंवारता वजा करून फिरत्या चौकटीत जा, मग उरतात फक्त ते २०० मेगाहर्ट्झ. एकच उत्तेजना असेल तर रेझोनेटरच्या तीन पातळ्या पुरतात, एकूण मिती, म्हणजे अवस्थांची संख्या, १२. उत्तर डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच येतं.

इथेच पुष्कळ जण थांबतात, आणि इथेच आलेख खोटा गुळगुळीत दिसतो. इलेक्ट्रॉनचा स्पिन स्वतः फोटॉनशी फारसा बोलत नाही. दुहेरी डॉटमध्ये इलेक्ट्रॉन डावी-उजवीकडे हलतो, मायक्रोमॅग्नेटच्या ग्रेडियंटमुळे ती हालचाल स्पिनशी मिसळते, तेव्हा जोडणी मिळते. मिसळण जितकी जास्त, जोडणी तितकी जोरदार, आणि विद्युत गोंगाटाचा मारही तितकाच. म्हणून प्रत्येक क्यूबिट दोन नव्हे, चार पातळ्यांचा घ्या आणि ‘सी-ऑप्स’ या गोंगाटाच्या यादीत चार्जचं डिफेझिंग (गोंगाटाने फेज विस्कटणं) वेगळं घाला. मिती ४८ होते, गोंगाटासकट अवस्था मांडणाऱ्या डेन्सिटी मॅट्रिक्समध्ये २३०४ घटक. तरी लॅपटॉपला जड नाही. दोन स्पिनमधली देवाणघेवाण किती वेळा टिकते, हे मग खरं कळतं.

रेझोनेटरऐवजी मधल्या रिकाम्या डॉटमार्फत होणारी जोडणीही क्यूटिपमध्ये बसते. २०१७मध्ये डेल्फ्टला तीन गॅलियम आर्सेनाइड डॉटमध्ये ती करून दाखवली गेली. ‘एफक्रिएट’ आणि ‘एफडिस्ट्रॉय’ (इलेक्ट्रॉन घालणारं आणि काढणारं फंक्शन) वापरून तीन जागा, स्पिनच्या दोन दिशा असा हबर्ड नमुना, म्हणजे जागांवरून उड्या मारणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा नमुना, मांडला की मिती ६४. त्यातल्या एकूण दोन इलेक्ट्रॉन असलेल्या १५ अवस्थाच निवडा, नाहीतर सर्वांत खालची ऊर्जा भलत्याच इलेक्ट्रॉनसंख्येची निघते आणि सिंगलेट-ट्रिपलेट (दोन स्पिनच्या दोन प्रकारच्या जोड-अवस्था) यांच्या ऊर्जेतलं अंतर, म्हणजेच एक्स्चेंज, चुकतं. दोन्ही बाजूंचं टनेलिंग (इलेक्ट्रॉनचं डॉटमधून डॉटमध्ये झिरपणं) निम्मं करून पाहा: ते कमकुवत असेल तर एक्स्चेंज सोळाव्या हिश्श्यावर येतं, कारण जोडणी चौथ्या घाताची आहे. ही तपासणी जमली की हॅमिल्टोनियन, म्हणजे ऊर्जेचं गणित, बरोबर मांडला, असं समजायला हरकत नाही.

उणिवा दोन, आणि पहिली मोठी आहे. गेटवर किती व्होल्ट दिले की टनेलिंग किती होतं, हे क्यूटिप सांगत नाही. त्याला पॉइसन-श्रोडिंगर सॉल्व्हर, म्हणजे गेटच्या व्होल्टेजवरून इलेक्ट्रॉनच्या अवस्था काढणारं वेगळं सॉफ्टवेअर, लागतो. गोंगाटही मुळात स्मृतिहीन धरला जातो. डॉटमधला संथ, एक-भागिले-वारंवारता प्रकारचा गोंगाट हवा असेल तर डिट्यूनिंगच्या (दोन डॉटमधल्या ऊर्जेच्या फरकाच्या) शंभरेक यादृच्छिक किमती घेऊन प्रत्येकीसाठी गणित चालवा आणि सरासरी काढा. असं गणित रात्रभर लावायचं असेल तर प्रत्येक फेरीनंतर ‘क्यूसेव्ह’ने निकाल डिस्कवर टाका, म्हणजे वीज गेली तरी एकच फेरी वाया जाईल.