राणी म्हणून साधा डोंगळा विकतात, पैसे पाठवण्याआधी हे वाचा

ऑनलाइन ‘राणीसह मुंग्यांची वसाहत’ मागवायचा विचार असेल, तर आमचं काय झालं ते आधी वाचा. ही फसवणूक लक्षात यायला महिना-दीड महिना जातो. विकणाऱ्याला तेवढाच वेळ हवा असतो.

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. मुलगी आठवीत आहे. अंगणातल्या पेरूवर डोंगळ्यांची रांग कायम चालू असते. ते कोवळ्या फांद्यांवरच्या मावा नावाच्या बारीक किडीला शिंगांनी हळूच थोपटतात आणि त्यातून निघणारा गोड थेंब पिऊन खाली जातात. हे तिनं स्वतः तासन्‌तास बसून पाहिलेलं. खाली जातात म्हणजे कुठं, तिथं काय चालतं, हे तिला बघायचं होतं. म्हणून भाऊबिजेचे साठवलेले पैसे घालून तिनं मुंग्या पाळायचा संच मागवायचं ठरवलं. कुरिअरसह 2,450 रुपये. विकणारा सोशल मीडियावरचा, दुसऱ्या शहरातला. फोनवर अगदी गोड बोलला. “ताई, राणी फलित आहे, सोबत पिल्लावळ पण देतो. वसाहत वाढली नाही तर पैसे परत.”

पार्सल वेळेवर आलं. पारदर्शक डबा, त्यात मुंग्यांनी खणायची आणि खायचीही म्हणून दिलेली निळी जेल, आणि कापसाचा बोळा लावलेली एक काचेची नळी. नळीत एक भलामोठा काळा डोंगळा, थोड्या लहान मुंग्या आणि तांदळाच्या दाण्याहून मोठे, मातकट पांढरे कोष. प्रत्येक कोषाच्या एका टोकाला काळा ठिपका. आपल्याकडं यालाच सर्रास ‘मुंग्यांची अंडी’ म्हणतात, आणि विकणाऱ्यानंही तेच सांगितलं होतं. खरं तर कोषात अळीची मुंगी होत असते.

आठवड्याभरात एक कोष फुटला. जुन्या मुंग्यांनी तो तोंडानं कातरला आणि आतून फिकट पिवळसर, पाय दुमडलेली नवी मुंगी ओढून काढली. मुलीनं आम्हा सगळ्यांना हाका मारून दाखवलं. खरंच बघण्यासारखं होतं ते. त्याच दिवशी विकणाऱ्याचा मेसेज आला, “कशी आहे वसाहत? पाच स्टार द्या.” तिनं दिले, वर फोटोही टाकला. त्याच्या पानावर अशा खुशीच्या प्रतिक्रिया कितीतरी आहेत, आणि माझ्या मते त्यातल्या बऱ्याचशा खऱ्या असतील. पण त्या पहिल्या पंधरवड्यातल्या आहेत. त्यानंतर काय झालं हे लिहायला कुणी परत तिथं जात नाही.

पुढं कोष संपले. नवीन अंडी नाहीत, अळ्या नाहीत. मग एकेक मुंगी मरायला लागली. विकणारा म्हणाला, राणीला ताण आलाय, अंधारात ठेवा. ठेवलं. पुन्हा विचारलं तर म्हणाला, थंडीमुळं. मुलगी रोज शाळेतून आली की दप्तरही न काढता आधी डब्यावरचं कापड बाजूला करून बघायची.

शेवटी मिरजेला आमच्या ओळखीचे एक सर आहेत, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात, त्यांच्याकडं नळी घेऊन गेलो. त्यांनी भिंग लावलं आणि लगेच म्हणाले, “वहिनी, ही राणी नाही. ही मोठ्या डोक्याची कामकरी मुंगी आहे.”

मग त्यांनी मुलीला भिंगातून दाखवलं, ते सगळ्यांना माहीत असायला हवं. डोंगळ्यांच्या एकाच वारुळात कामकरी मुंग्या लहान-मोठ्या आकाराच्या असतात. मोठीचं डोकं मोठं असतं, पण डोक्यामागचं धड अरुंद, वरून गुळगुळीत कमान असल्यासारखं. राणीला एकेकाळी पंख होते. ते पंख हलवणारे स्नायू धडात असतात, म्हणून तिचं धड जाड, फुगीर आणि पट्ट्यापट्ट्यांचं दिसतं. मिलनाच्या उड्डाणानंतर ती पंख स्वतःच मोडून टाकते, आणि ते जिथं होते तिथं दोन्ही बाजूंना बारीक व्रण राहतात. आमच्या ‘राणी’ला यातलं काहीच नव्हतं. पोट मोठं दिसतंय एवढ्यावर राणी ठरत नाही. साखरपाणी पोटभर प्यायलेल्या कामकरी मुंगीचं पोटही टम्म होतं.

राणी ते मिलन आयुष्याच्या सुरुवातीलाच करते आणि मिळालेले शुक्राणू शरीरात जपून ठेवते. ते जन्मभर पुरतात. युरोपातल्या एका काळ्या मुंगीची राणी पाळलेल्या वसाहतीत 28 वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे. डोंगळ्यांच्या कामकरी मुंगीचं असं मिलन होत नाही. राणी नसलेल्या वारुळात काही जातींच्या कामकरी अंडी घालतात, पण त्या अफलित अंड्यांतून सहसा फक्त नर निघतात. म्हणजे आमच्या नळीतली वसाहत वाढणं शक्यच नव्हतं, आम्ही कितीही काळजी घेतली असती तरी.

आणि ते कोष? वारुळाच्या वरच्या थरात कुदळ मारली की कोष आणि कामकरी मुंग्या सहज हाती लागतात. राणी खोल असते, तिच्यापर्यंत पोचणं अवघड. म्हणून जे वर सापडतं ते नळीत भरायचं आणि कोष फुटेपर्यंत गिऱ्हाईक खूश. नळीत नुसते कोष असतील आणि बारीक अंडी, लहान अळ्या काहीच नसेल, तर संशय घ्या. खऱ्या राणीजवळ ताजी अंडी असतात, मिलिमीटरभराची, एकमेकांना चिकटून गुच्छात.

जेलचंही सांगते. जाहिरातीत ‘नासाचं तंत्रज्ञान’ लिहिलं होतं. 2003 साली कोलंबिया यानातून शाळकरी मुलांच्या एका प्रयोगासाठी मुंग्या जेलमध्ये ठेवून अवकाशात नेल्या होत्या, तेवढं खरं. पण तो प्रयोग काही दिवसांचा होता, नुसत्या कामकरी मुंग्या बोगदे कसे खणतात ते बघण्यासाठी. अळ्या वाढायला प्रथिनं लागतात, मेलेला कीटक वगैरे. जेलवर वसाहत वाढत नाही.

सरांनी काढलेले फोटो पाठवल्यावर विकणाऱ्याचा सूर बदलला. आधी म्हणाला, वरचे 3,500 भरा, आफ्रिकेतली मोठी जात देतो. यात कुणी पडू नका. परवान्याशिवाय परदेशातले जिवंत कीटक देशात आणता येत नाहीत. केनियात 2025 मध्ये हजारो राणी मुंग्या चोरून नेऊ पाहणाऱ्या चौघांना प्रत्येकी 10 लाख शिलिंग दंड झाला आहे. आम्ही नाही म्हटल्यावर तो म्हणाला, बरं, पैसे परत करतो, क्यूआर कोड पाठवतोय, स्कॅन करा. माझे मिस्टर स्कॅन करत होते, तेवढ्यात मला स्क्रीनवर दिसलं की 2,450 आम्हालाच ‘पे’ करायचे आहेत आणि पिन मागतंय. तिथंच थांबवलं. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. घरातल्या मोठ्यांनाही हे सांगून ठेवा.

आम्ही 1930 वर फोन केला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. पैसे गेल्या गेल्या तक्रार केली तर ते खात्यात अडवता येतात. आमच्या पैशांना खूप दिवस झाले होते, ते अजून मिळालेले नाहीत. तरीही तक्रार करा. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरही करता येते. चॅट, पावती, पार्सलवरचं लेबल, नळीचे पहिल्या दिवसाचे फोटो जपून ठेवा. आमच्याकडं ते सगळं होतं म्हणून नोंद नीट झाली.

विकत घ्यायचंच असेल तर राणीच्या धडाचा वरून आणि बाजूनं जवळून काढलेला व्हिडिओ मागा, त्यात अंडी दिसू द्या, आणि पार्सल आल्यावर पैसे देण्याची सोय आहे का विचारा. आमच्याकडं तो त्याला तयार नव्हता.

खरं तर राणी विकत घ्यायची गरजच नाही. जूनमध्ये चांगला पाऊस झाला की संध्याकाळी पंखवाल्या मुंग्या बाहेर पडतात. त्याच सुमाराला वाळवीही उडते, पण वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे आणि कंबर सरळ. मुंगीचे पुढचे पंख मोठे, कंबर बारीक आणि शिंगं कोपरासारखी वाकलेली. पंख टाकून जमिनीवर एकटी फिरणारी जाड धडाची मुंगी दिसली तर ती बहुधा राणी. परीक्षानळीत तळाशी पाणी, त्यावर कापसाचा बोळा, मग राणी, तोंडाला पुन्हा कापूस, आणि नळी अंधारात. डोंगळ्याची राणी पहिल्या मुंग्या निघेपर्यंत काही खात नाही, स्वतःच्या पंखांच्या स्नायूंवर आणि चरबीवर पिल्लं वाढवते. सारखं उघडून बघू नका.

तो विकणारा आता दुसऱ्या नावानं पान चालवतोय. जाहिरातीतला फोटो तोच आहे: निळ्या जेलचा डबा, शेजारी नळी, आणि राणी म्हणून लाल बाणानं दाखवलेला मोठ्या डोक्याचा डोंगळा. त्याचं धड बघा.