पोर्तुगालचे पेपर करणारं शाहूपुरीतलं ऑफिस : जावं का?

आमची आई मूळची पेडण्याची, 1954 चा जन्म, लग्न होऊन कोल्हापुरात आली. गोव्यात 19 डिसेंबर 1961 च्या आधी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पोरांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं हे धाकट्याला कुणीतरी सांगितलं आणि त्यानं घरात नुसता भुंगा लावला, म्हणून शाहूपुरीत या कामाचं एक छोटं ऑफिस हाय तिथं गेलो. नाव टाकत नाही, जाहिरात वाटायची.

माणूस कामाचा पक्का. पैशाचं नंतर बोलू म्हणाला, आधी आईची पोर्तुगीज काळातली जन्मनोंद बघू, तिकडं तिला तेओर म्हणतात, ती त्यांनीच गोव्यातनं काढून आणली. त्यात आईच्या माहेरच्या नाईक आडनावाचं स्पेलिंग शेवटी क्यू यू ई लावून, आणि आपल्याकडं लग्नानंतर बाईचं सगळंच बदलतं, त्यामुळं तेओरमधली पोरगी आणि आधारवरची आमची आई एकच हे सिद्ध करण्यात खरा जीव जातो. त्यात लग्नाची नोंदच नव्हती, ती आधी महापालिकेत करायला लावली, मग अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, मग पोर्तुगीज भाषांतर. पोर्तुगालात लिस्बनला आधी आईचा जन्म नोंदवायचा, मग लग्न, मग आमचा नंबर. ही लाईन त्यानं पहिल्याच दिवशी कागदावर काढून दिली.

मला सगळ्यात पटलं ते म्हणजे भारतात दुहेरी नागरिकत्व चालत नाही, तिकडचं घेतलं की इकडचं जातं, पासपोर्ट सरेंडर करावा लागतो, नंतर ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते कार्ड, मिळालं तरी मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, हे त्यानं आईला समोर बसवून सांगितलं. आणि लिस्बनला नोंद करायची म्हणजे तुमच्याही भारतीय नागरिकत्वाचा प्रश्न निघू शकतो, वकिलाला विचारून मगच सही करा म्हणाला. गिऱ्हाईक जाईल माहीत असून असं बोलणारा एजंट मी तरी बघितला नव्हता.

आता खटकलं ते. बिल एकगठ्ठा देतात. अपोस्टिलची सरकारी फी कागदामागं 50 रुपये, वर कागद जमा करून घेणाऱ्या एजन्सीचा चार्ज, मग या ऑफिसचं किती ते फोडून मागा, मागितलं की देतात. फोन उचलत नाहीत, व्हॉट्सॲपला उत्तर रात्री उशिरा. ज्यांची आई किंवा वडील गोवा, दमण, दीवचे त्यांनी बिनधास्त जावा, पण जुनी नोंद हातात आल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका. धाकटा पुढं करतोय, मी नाही, माझी जमीन हाय शिरोळला. गाडी टू व्हीलरच न्या, चारचाकीला तिथं जागा मिळत नाही.