पाणपक्ष्यांचा जुना तक्ता: चित्राला पैकीच्या पैकी, फ्रेमला भोपळा

आकार, कागद, फ्रेमचा रंग हे सगळं विक्रेत्याच्या पानावर आहे, ते परत सांगत नाही. फ्रेमसकट विकत घेतलेला, एकोणिसाव्या शतकातला, इंग्लंडमधल्या शाळांच्या भिंतीवर टांगायचा तक्ता. मधोमध तळं, त्यात बदकं, हंस (इंग्रजीतला गूज), राजहंस (स्वान). कडेने छोट्या चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत हे पक्षी माणसाच्या कोणत्या कामी येतात ते. बरेच महिने भिंतीवर आहे, दिसायला छान आहे, आलेगेले विचारतात. एवढ्यावर मी काही लिहायला बसलो नसतो. पण गेल्या महिन्यात माउंटच्या, म्हणजे चित्राभोवती बसवलेल्या खिडकी कापलेल्या पुठ्ठ्याच्या, आतल्या कडेने एक तपकिरी रेघ उमटलेली दिसली.

धूळ म्हणावी तर काच पुसून जाईना. रेघ कागदात होती. शिवाय वरच्या कोपऱ्यात कागद फुगून काचेला टेकला होता आणि तिथे ओलसर डाग धरला होता. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘विंटेज वस्तूला डाग असतातच सर, त्यातच तर तिचं सौंदर्य आहे.’ डाग घेताना नव्हता, तुमच्या माउंटने पाडलाय, असं लिहिलं तर म्हणे काच कोरड्या फडक्याने पुसत जा! पुढचे मेसेज नुसते वाचले गेले.

हे का होतं ते थोडक्यात सांगतो, कारण फ्रेम केलेलं जुनं चित्र घेणाऱ्या प्रत्येकाला ते लागणार आहे. स्वस्त माउंट लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातलं लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य) जुनं होत जातं तसं आम्ल तयार होतं, आणि ते शेजारच्या कागदात उतरतं. माउंटची तिरकी कापलेली कड चित्राला जिथे टेकते तिथेच ती रेघ येते. काच आणि कागद यांच्यात फट ठेवायची असते, ते काम माउंट किंवा स्पेसर, म्हणजे काचेखाली कडेने लावलेली पट्टी, करते. इथे माउंट इतका पातळ की कागद जरा फुगला की थेट काचेला. फ्रेमचे पैसे चित्राच्या जवळपास मोजलेत, हे लक्षात घ्या.

शेवटी ओळखीच्या फ्रेमवाल्याकडे नेऊन खोलून घेतलं. मागे हार्डबोर्ड थेट चित्राला चिकटलेला. चित्र कशाने धरलंय तर खोकी बंद करायच्या खाकी चिकटपट्टीने. आणि माउंट उचलला तर त्याखाली चित्राची अख्खी एक ओळ! चौकटी वरखाली समान दिसाव्यात म्हणून खालच्या चौकटींवर सरळ पुठ्ठा चढवलेला. त्याहून खालची, जिच्यावर प्रकाशकाचं नाव असतं ती पट्टी तर कापूनच टाकलीय. अशा चित्राची किंमत प्रकाशकाच्या त्या नावावर बरीच ठरते, म्हणजे आता ते कोणाचं हे छातीठोक सांगता येणार नाही.

पण झाकलेल्या ओळीत काय होतं बघा. पिसाच्या लेखण्या! एक माणूस हंसाची पिसं निवडतोय, दुसऱ्यापुढे गरम वाळूचं ताट, तिसरा चाकूने टोक तासतोय. पीस नुसतं उपटून लिहिता येत नाही. आतली नळी मऊ आणि तेलकट असते. ती गरम वाळूत खुपसून तापवली की कडक होते, मग टोकाला चीर नीट बसते. पंखाच्या टोकाकडची मोजकी लांब पिसंच कामाची. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डाव्या पंखाचं पीस बरं, कारण ते डोळ्यांसमोर न येता बाहेरच्या बाजूला वळतं. राजहंसाचं पीस भारी आणि महाग, रोजच्या कारकुनीला हंसाचं. बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून पोलादी निब निघायला लागल्यावर हा सगळा धंदा आटत गेला. तक्त्यावरचा सगळ्यात वाचनीय भाग, आणि तोच पुठ्ठ्याखाली. विक्रेत्याला हे दिसलं नसेल असं मला अजिबात वाटत नाही.

खोलल्यावर भिंग लावून पाहिलं, तेव्हा चित्राबद्दलचं माझं मत मात्र वर गेलं. आजची छपाई असती तर चार रंगांचे रांगेतले ठिपके दिसले असते. इथे शिळाछापाची, म्हणजे छापायच्या दगडावर खडूने ओढलेल्या रेषेची, खरबरीत कणी दिसते, आणि रंग हाताने भरलेला. एका बदकाच्या मानेचा हिरवा रंग रेषा ओलांडून पाण्यात गेलाय. आजची छापील नक्कल असेल अशी शंका मनात होती, ती गेली.

बाकीच्या चौकटीही आता नीट बघतो. बदकं पकडायचा सापळा आहे: तळ्यातून निघालेली, जाळीने झाकलेली, निमुळती होत जाणारी वाकडी नाळ, बाजूला बोरूचे आडोसे आणि त्यातून डोकावणारा छोटा कुत्रा. कुत्रा हाकलतोय असं वाटतं. खरं म्हणजे तो आडोशांमधून दिसतो-लपतो आणि बदकं कुतूहलाने त्याच्या मागे नाळीत शिरतात. शेजारी आइसलँडमधल्या आयडर बदकाच्या घरट्यातली लव गोळा करणारी बाई आहे. मादी स्वतःच्या छातीची लव अंड्यांभोवती रचते. किलोभर साफ लवेला साठेक घरटी लागतात, आणि पक्षी मारावा लागत नाही.

एक चौकट मात्र खटकते. बाईच्या हातातला मऊ, चकचकीत मफ (दोन्ही हात आत घालून ऊब घ्यायचं नळकांडं) ग्रीबच्या कातड्याचा आहे, म्हणजे आपल्या टिबुकलीच्या मोठ्या, तुरेवाल्या भावंडाचा. याच हौसेपायी इंग्लंडात हा पक्षी 1860 च्या सुमाराला जवळपास संपला होता. पक्षीहत्येविरुद्ध बायकांनीच 1889 मध्ये संस्था काढली, तीच आजची आरएसपीबी, ब्रिटनमधली पक्षीरक्षणाची संस्था. शाळेच्या तक्त्यावर मफ ‘उपयोग’ म्हणून दिमाखात बसलाय.

आता ॲसिड-फ्री माउंट, रुंद खिडकी, खालची ओळ पूर्ण उघडी, कडेला स्पेसर, आणि चिकटपट्टीऐवजी कागदी बिजागऱ्या पिठाच्या खळीने लावलेल्या. उन्हातले अतिनील किरण अडवणारी यूव्ही काच परवडली नाही, म्हणून ऊन न येणारी भिंत निवडली. तपकिरी रेघ राहिली; ती काढायला कागद धुवावा लागेल आणि हाताने भरलेला रंग धुवायची माझी हिंमत नाही. फ्रेमवाल्याने जुनी फ्रेम ठेवून घेतली आणि मजुरीत थोडी सूट दिली, म्हणजे तिचा तेवढा तरी उपयोग झाला.

घेणार असाल तर बिनफ्रेमचं मागा. बिनफ्रेमचं देत नसतील तर मागची बाजू उघडून फोटो मागा, आणि माउंटखाली काय आहे ते विचारा. उत्तर टाळलं तर पैसे भरू नका.