महामार्गालगतची संग्रहालये: क्लीव्हलँड ते कॅन्सस सिटी

न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसपर्यंत मोटारीने जायचे ठरल्यावर आम्ही मुक्कामाची शहरे संग्रहालयांवरून निवडली. तो सगळा प्रवास झाल्यावर माझे ठाम मत झाले आहे की, रस्त्याने जाणाऱ्यासाठी मधल्या राज्यांतली, प्रवेशशुल्क नसलेली कलासंग्रहालये सर्वांत समाधान देणारी आहेत. तिकिटाचे पैसे वसूल व्हावेत म्हणून सगळी दालने पालथी घालण्याची निकड तिथे नसते. दोन दालने निवांत पाहावीत, अंगणात थोडे बसावे आणि पुन्हा वाटेला लागावे, एवढी मोकळीक मिळते.

यांत पहिला मान मी क्लीव्हलँड म्युझियम ऑफ आर्टला देईन. १९१६ मध्ये उघडलेल्या या संग्रहालयाच्या दक्षिणेकडील पायऱ्यांपुढे फ्रेंच शिल्पकार ओग्युस्त रोदाँच्या हयातीत ओतलेले त्याचे ‘विचारवंत’ हे ब्रॉंझशिल्प आहे. मार्च १९७० मध्ये कोणीतरी त्याच्याखाली बॉम्ब ठेवला आणि पुतळ्याची पावले उडाली. शिल्पाची डागडुजी न करता ते तसेच उभे करण्याचा निर्णय तेव्हा घेण्यात आला. जवळ जाऊन पाहिले की फाटून वळलेला धातू दिसतो, आणि वर तो माणूस मात्र हनुवटीला हात टेकून पूर्वीइतकाच विचारात बुडालेला असतो. मी अर्धा तास तिथेच होतो.

आत एक गोवर्धनधारी कृष्ण आहे, साधारण इसवी सन ६०० च्या सुमाराचा, कंबोडियातल्या फ्नोम दा इथला. डावा हात वर, तळहात सपाट आणि चेहऱ्यावर श्रमाची एक रेषाही नाही. या मूर्तीचे काही तुकडे ब्रसेल्समधल्या एका घराच्या बागेत पुरलेले होते, ते १९७० च्या दशकात खणून काढण्यात आले. कोणता तुकडा कोणत्या मूर्तीचा याचा उलगडा व्हायला पुढे अनेक वर्षे लागली. लहानपणापासून कथाकीर्तनातून ऐकलेला प्रसंग इतक्या दूर, इतक्या वेगळ्या घडणीत समोर आला तेव्हा मला फार आनंद झाला.

टोलीडोला आम्ही दोनच तास थांबलो. काचेच्या कारखानदारीवर वाढलेले हे शहर आणि त्यातल्याच एका कारखानदाराने, एडवर्ड लिबी यांनी, १९०१ मध्ये स्थापन केलेले हे संग्रहालय. २००६ मध्ये सुरू झालेल्या काचमंडपाच्या बाहेरच्याच नव्हे तर आतल्याही बहुतेक भिंती वक्राकार काचेच्या आहेत. भट्टीपाशी बसून कारागीर फुंकणीच्या टोकावरचा लालभडक गोळा फिरवताना पाहिला की शेजारच्या दालनातल्या काचपात्रांकडे पाहण्याची नजरच बदलते.

शिकागोचे आर्ट इन्स्टिट्यूट मोठे आहे, श्रीमंत आहे आणि सशुल्क आहे. फ्रेंच चित्रकार जॉर्ज सरा यांचे रंगाच्या ठिपक्यांनी रंगवलेले नदीकाठच्या रविवारचे विशाल चित्र एकदा तरी प्रत्यक्ष पाहिले पाहिजे, कारण छापील प्रतीत ते ठिपके जिवंत होत नाहीत. ११ सप्टेंबर १८९३ रोजी स्वामी विवेकानंदांनी केलेले भाषण याच इमारतीत झाले होते. २०१० मध्ये मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट यांनी त्या भाषणाचे शब्द इथल्या भव्य जिन्याच्या पायऱ्यांवर दिव्यांनी उमटवले होते. आता ती रचना तिथे नाही, तरी त्या पायऱ्या चढताना तिची आठवण येते. या संग्रहालयाला पूर्ण दिवस देता येत नसेल तर ते पुढच्या खेपेसाठी ठेवावे, असे मी सांगेन.

सुट्टीच्या वारांबाबत मात्र सावध असावे. काही संग्रहालये सोमवारी बंद असतात, तर काही मंगळवारी आणि बुधवारी. एका ठिकाणी तर ज्या दालनासाठी आम्ही मार्ग बदलला होता तेच दुरुस्तीसाठी बंद होते आणि संकेतस्थळावर त्याचा उल्लेखही नव्हता. आदल्या दिवशी फोन करून विचारणे हाच खात्रीचा उपाय. शिवाय मोफत प्रवेश म्हणजे मोफत पार्किंग नव्हे. लॉस एंजेलिसच्या गेटी सेंटरमध्ये प्रवेशाला पैसे पडत नाहीत, पण गाडी लावण्याचे पडतात.

कॅन्सस सिटीतल्या नेल्सन-ॲटकिन्स या कलासंग्रहालयाच्या हिरवळीवर बॅडमिंटनची चार अवाढव्य फुले आहेत. मूळ इमारत म्हणजे जाळी आणि ती फुले तिच्या दोन्ही बाजूंना पडलेली, अशी ती कल्पना आहे. लहान मुलांना ती विशेष आवडेल. पण या शहरात मुक्काम करावा तो पहिल्या महायुद्धाच्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी. इथे तिकीट आहे, तरीही माझ्या वरच्या मताला मी आनंदाने हा अपवाद करतो. १९२६ च्या स्मारकस्तंभाखाली वसलेल्या या संग्रहालयात शिरताना काचेच्या पुलावरून जावे लागते आणि पायांखाली ९,००० लाल पॉपीची फुले दिसतात. एक फूल म्हणजे युद्धात मेलेले एक हजार सैनिक. त्या युद्धात सुमारे ७४,००० भारतीय सैनिक मरण पावले. पुलाच्या कठड्याशी थांबून मी चौऱ्याहत्तर फुले मोजली. ती मोजून होईपर्यंत मागून आलेली माणसे शांतपणे बाजूने पुढे जात राहिली.