मेट्रो स्टेशनवरची भाड्याची सायकल: कुणाला परवडते, कुणापर्यंत पोचत नाही

नागपुरात मेट्रो सुरू झाली तेव्हापासून एक प्रश्न कायम आहे: स्टेशनवर उतरल्यावर घरापर्यंत, कॉलेजपर्यंत, ऑफिसपर्यंत जायचं कसं? मार्च २०१९ मध्ये खापरी ते बर्डी (सीताबर्डी) हा पहिला टप्पा खुला झाला. डिसेंबर २०२२ मध्ये ऑटोमोटिव्ह चौक आणि प्रजापतीनगर ही टोकंही जोडली गेली. पण गाडी जिथे सोडते तिथून पुढचे एक-दोन किलोमीटर बऱ्याच जणांना मेट्रोच्या तिकिटापेक्षा महाग पडतात, कारण तेवढ्यासाठी ऑटो करावा लागतो. हे अंतर स्वस्तात कापायला मेट्रो चालवणाऱ्या महामेट्रो कंपनीने फीडर सोयींमध्ये, म्हणजे स्टेशनपर्यंत ने-आण करणाऱ्या सोयींमध्ये, भाड्याच्या सायकलीही आणल्या.

आमचं मत आधीच सांगतो. अंतर एक ते चार किलोमीटर असेल आणि दोन्ही टोकांना सायकल लावायला अधिकृत जागा असेल, तर ही सेवा जरूर वापरा. नुसतं फिरायला दोन-तीन तास हवी असेल तर आधी हिशेब करा. आणि स्मार्टफोन नसेल किंवा उंची पाच फुटांच्या आत असेल, तर आजच्या स्वरूपात ही सेवा तुमचा विचार करून बनवलेली नाही. ही तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यात जास्त खटकते.

आधी पैशाचं बघू. दर बदलत राहतात, त्यामुळे अ‍ॅपमध्ये तीन आकडे शोधून वाचायचे: पहिला टप्पा किती मिनिटांचा आणि किती रुपयांचा, त्यानंतरचा प्रत्येक टप्पा केवढ्याचा, आणि सायकल ठरलेल्या जागेबाहेर सोडली तर दंड किती. भाडं टप्प्याने लागतं हे विसरलं की खिसा कापला जातो. समजा अर्ध्या तासाचे ५ रुपये आहेत. मग २९ मिनिटांना ५ आणि ३१ मिनिटांना १० रुपये पडतील. भरीव टायरची जड सायकल शहरात सिग्नल धरून ताशी १० ते १२ किलोमीटरने जाते, म्हणजे तीन किलोमीटरला १५ ते १८ मिनिटं. कुलूप उघडायला आणि लावायला मिळून पाच मिनिटं धरा. चार किलोमीटरपर्यंतचा प्रवास अर्ध्या तासात बसतो. सहा किलोमीटरचा बसत नाही.

पासाचं गणितही असंच करा. समजा पास ३०० रुपयांचा आहे आणि एका फेरीचे ५ रुपये पडतात. पास वसूल व्हायला ६० फेऱ्या लागतील. कामाचे दिवस महिन्याला पंचवीस, रोज दोन फेऱ्या, म्हणजे झाल्या ५०. अशा माणसाने पास घेऊ नये, फेरीचे पैसे द्यावेत. पास परवडतो तो दिवसात तीन-चार छोट्या फेऱ्या करणाऱ्याला, उदाहरणार्थ हॉस्टेलवर राहून क्लास, मेस आणि लायब्ररी करणाऱ्या विद्यार्थ्याला. पहिल्याच दिवशी वॉलेटमध्ये मोठी रक्कम टाकू नका, लागेल तेवढीच भरा. डिपॉझिट घेत असतील तर ते परत मागायची सोय अ‍ॅपमध्ये कुठे आहे ते आधी बघा. डिपॉझिट खात्यात परत आल्याशिवाय अ‍ॅप काढून टाकू नका.

आता सायकल घेताना. क्यूआर कोड उन्हाने फिका पडलेला किंवा खरवडलेला असतो. स्कॅन होत नसेल तर त्याच्याखालचा क्रमांक हाताने टाका. कुलूप ब्लूटूथवर चालत असेल तर फोनचं ब्लूटूथ आणि लोकेशन दोन्ही सुरू लागतात. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर लोकेशन बंद असेल तर अ‍ॅपला जवळचं कुलूप दिसतच नाही, आणि माणूस समजतो की कुलूपच खराब आहे.

पैसे सुरू होण्याआधी, म्हणजे कोड स्कॅन करण्याआधी, सायकल तपासा. मिनिटभराचं काम आहे. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला: पुढचं चाक अडलं पाहिजे आणि मागचं किंचित उचललं गेलं पाहिजे. लिव्हर दाबल्यावर मुठीला टेकत असेल तर तार सैल आहे, ती सायकल सोडा. मागचं चाक रिंगच्या कुलपात अडकलेलं असल्यामुळे मागचा ब्रेक कुलूप उघडल्यावर लगेच तपासावा लागतो, स्टँडपासून दहा पावलांच्या आत. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजवा लिव्हर पुढच्या चाकाचा असतो, तरी दाबून खात्री करा. पॅडल एक फेरा उलटं फिरवा. चेन कव्हरला घासत असेल तर खरखर ऐकू येते. हँडल दोन्ही हातांनी धरून पुढचं चाक गुडघ्यांमध्ये आवळा आणि हँडल वळवून बघा. चाक न वळता हँडल फिरलं तर ती सायकल हात लावण्याच्या लायकीची नाही. शेवटी घंटी वाजवून बघा.

सीटची उंची लोक कधीच बदलत नाहीत आणि मग गुडघे दुखतात म्हणून तक्रार करतात. पॅडल सगळ्यात खाली आणा, त्यावर टाच ठेवा. पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. चवडा ठेवून चालवताना गुडघा थोडा वाकलेला राहतो, तेच हवं असतं. सीटच्या नळीवर कमाल उंचीची खूण असते, त्याच्या वर ओढू नका, नळी वाकते. नव्याने शिकलेल्यांनी मात्र दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली ठेवावी. गुडघ्यांपेक्षा भरवसा महत्त्वाचा.

सायकल खराब निघाली तर अ‍ॅपमध्ये नोंद करा आणि सीट उलटी, मागच्या बाजूला वळवून ठेवा. पॅरिसमध्ये २००७ पासून सुरू असलेल्या वेलिब सेवेत लोक असंच करतात, म्हणजे पुढच्या माणसाला लांबूनच कळतं. आपल्याकडे ही पद्धत रुजली तर फार बरं होईल.

भरीव टायर पंक्चर होत नाही, ही मोठी सोय आहे. पण त्यात हवा नसल्यामुळे धक्का थेट मनगटात येतो, आणि ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर किंवा गटाराच्या लोखंडी झाकणावर पकड कमी पडते. नागपूरच्या सिमेंट रोडवर याचा खरा त्रास होतो. सिमेंटचे दोन पट्टे जिथे लांबीत जुळतात तिथे फट असते. सिमेंट संपून गट्टू (कडेचे पेव्हर ब्लॉक) सुरू होतात तिथे बऱ्याच ठिकाणी दोन-तीन बोटांची पायरी असते. बाजूने गाडी आली म्हणून माणूस डावीकडे सरकतो, चाक त्या पायरीवरून खाली उतरतं आणि परत वर यायला बघतं. चाक कडेला समांतर असेल तर ते वर चढत नाही, कडेला घासत राहतं आणि हँडल हातातून जातं. पडणं बहुतेक असंच होतं. अशी कड ओलांडायची वेळ आली तर वेग कमी करा, मागे बघा, हँडल वळवून कड शक्य तितकी आडवी घ्या. तेवढी जागा नसेल तर उतरून सायकल हाताने चढवा. आणि मुळात कडेला चिकटून चालवू नका, सिमेंटच्या काठापासून हातभर आत राहा.

मेट्रोचे खांब रस्त्याच्या मध्यात आहेत. त्यांच्याआडून उजवीकडे वळणारी गाडी आपल्याला दिसत नाही, आपणही तिला दिसत नाही. झाशी राणी चौक किंवा छत्रपती चौकासारख्या ठिकाणी उजवीकडे वळायचं असेल तर दोन टप्प्यांत वळा: डाव्या बाजूने सरळ चौक पार करा, पलीकडच्या कोपऱ्यात थांबा, सायकल वळवा आणि त्या रस्त्याचा सिग्नल सुटला की निघा. एक मिनिट जास्त जातं, पण चार लेन आडव्या कापाव्या लागत नाहीत. वर्धा रोडवर मेट्रोखाली जो मधल्या मजल्याचा उड्डाणपूल आहे, त्यावर सायकल नेऊ नका. तिथे गाड्या भरधाव असतात आणि बाजूला व्हायला जागा नाही. खालचाच रस्ता धरा.

कुठे घ्यावी? सुभाषनगर स्टेशन ते अंबाझरी आणि एलएडी चौक ते आजूबाजूची कॉलेजं यासाठी सायकल उत्तम. सिव्हिल लाइन्समध्ये झाडांची सावली आहे, तिथे उन्हाळा सोडून दुपारीही चालवता येते. सेमिनरी हिल्सचा चढ बिनगिअरच्या जड सायकलवर दमवणारा आहे, आणि उतारावर ब्रेकची परीक्षा असते. खापरीहून मिहान, एम्सकडे अंतर जास्त आणि वाहनं जड. दिवसा ठीक, अंधार पडल्यावर आम्ही सुचवणार नाही. रात्री कुठेही निघालात तरी मागे लाल आणि पुढे पांढरा क्लिपचा दिवा स्वतःचा लावा. सायकलवर रिफ्लेक्टर असतो, पण तो समोरच्याचा दिवा पडल्याशिवाय चमकत नाही. हेल्मेट सायकलला कायद्याने सक्तीचं नाही, तरी घाला. ते भुवईच्या वर दोन बोटं बसलं पाहिजे, मागे सरकवून टोपीसारखं घातलं तर कपाळ उघडं राहतं. स्टेशनवर इलेक्ट्रिक सायकल मिळाली तर एवढं माहीत असू द्या: मोटार २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर लायसन्स आणि नोंदणी लागत नाही.

उन्हाळ्यात, नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) असो नसो, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच सायकल घेऊ नका. उन्हात उभ्या सायकलची सीट आणि लोखंडी हँडल चटका देतात, रस्त्याची धग खालून लागते. सकाळी दुपट्टा बांधून, पाणी बास्केटमध्ये ठेवून निघा. दुपट्ट्याचं टोक मागे चाकाकडे लोंबत नाही ना, एवढं बघा.

सगळ्यात जास्त भांडणं प्रवास संपवताना होतात. कुलूप खाली ओढलं, आवाज आला, माणूस निघून गेला, आणि अ‍ॅपमध्ये भाडं चालूच. कारण साधं असतं: कुलपाचा दांडा चाकाच्या आरीवर (स्पोकवर) अडकून पूर्ण आत गेलेला नसतो. सायकल चार बोटं पुढे ढकला आणि कुलूप पुन्हा दाबा. दुसरी अडचण मेट्रोच्या पुलाखालची. वर काँक्रीटचा स्लॅब असल्यामुळे फोनला उपग्रहाचा सिग्नल नीट मिळत नाही आणि अ‍ॅप म्हणतं की तुम्ही स्टँडच्या बाहेर आहात. फोन घेऊन मोकळ्या आकाशाखाली पाच-सात पावलं या, अर्धा मिनिट थांबा, मग प्रवास संपवा. ‘प्रवास संपला’ असं दिसेपर्यंत जागा सोडू नका. त्या पानाचा स्क्रीनशॉट आणि सायकलचा क्रमांक दिसेल असा, कुलूप लागलेला फोटो काढून ठेवा. जास्तीचे पैसे परत मागताना हे दोनच पुरावे कामाला येतात.

यूपीआयने पैसे खात्यातून गेले पण समोरच्याला पोचलेच नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. ही तक्रार बँकेकडे करायची. पैसे सायकलवाल्यांना पोचले आणि सायकल मात्र उघडली नाही, तर तक्रार त्यांच्याकडे. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५.

आता जे सुधारलंच पाहिजे ते. स्टेशनजवळच्या घरांत धुणीभांडी करणाऱ्या बाईला, बांधकामावरच्या मजुराला, रात्रपाळीच्या चौकीदाराला ही सायकल सगळ्यात जास्त उपयोगी आहे. ऑटोचे रोजचे पैसे त्यांनाच जड जातात. पण स्मार्टफोन, नेट, इंग्रजी अ‍ॅप आणि आगाऊ पैसे या चार पायऱ्या चढल्याशिवाय सायकल सुटत नाही. म्हैसूरमध्ये २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘ट्रिन ट्रिन’ सेवेत कार्ड लावून सायकल घेता येईल अशी रचना केली होती. नागपुरात मेट्रोचं महाकार्ड आहेच. त्याच कार्डावर सायकल मिळावी, अ‍ॅप मराठीत असावं, आणि स्टँडवर दर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावेत.

सायकलींचं मापही तपासायला हवं. एकाच उंचीच्या सायकली ठेवल्या की कमी उंचीच्या बायका, किशोरवयीन मुली आणि म्हातारी माणसं आपोआप गळतात. प्रत्येक स्टँडवर दोन-तीन तरी लहान चाकाच्या, आडवा दांडा नसलेल्या, साडी नेसून चढता येईल अशा सायकली हव्यात. त्यांना पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकाला साडीगार्ड पाहिजेच. तोल सांभाळू न शकणाऱ्यांसाठी मोठ्या स्टेशनांवर तीनचाकी ठेवता येईल. बर्डीला दोन्ही लाइन मिळतात, सुरुवात तिथून करावी.