बिलात नवीन पट्टी, दारावर जुनीच

सांगली-मिरजेत कुणी गाडीच्या दाराला रंग द्यायला टाकणार असेल, तर त्याआधी हे वाचावं. मला रंगात फसवलं नाही, रंग बरा दिला होता. फसवलं ते दाराच्या बाहेरून बसवलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्यांत, जिथं गाडी घरी नेताना कुणी वाकून बघत नाही.

गणपती पेठेत लावलेल्या गाडीच्या डाव्या अंगाला कुणीतरी लांबलचक ओरखडा काढून गेलं. पुढचं दार आणि मागचं दार, दोन्ही. एका डेंटिंग-पेंटिंगवाल्यानं दोन दर सांगितले. पट्ट्या आणि हँडल जागेवर ठेवून, कागद-टेप लावून रंग मारायचा तर कमी. सगळं खोलून मारायचा तर बराच जास्त. मी खोलूनच करायचं ठरवलं. मास्किंग करून मारलेला रंग पट्टीच्या कडेला येऊन थांबतो, तिथं रंगाची पायरी राहते आणि पुढं धुण्यात, उन्हात तो तिथूनच सुटायला लागतो. एस्टिमेटवर ‘पट्ट्या, हँडल खोलून’ हे त्यांच्याच हातानं लिहून घेतलं होतं.

गाडी आणायला गेले तेव्हा बिलात दोन रकमा वाढल्या होत्या. क्लिपचा सेट १,२०० रुपये आणि पुढच्या दाराची खालची पट्टी नवीन, २,४०० रुपये. मालक म्हणाले, “मॅडम, गाडी २०१७ ची. उन्हानं प्लास्टिक कडक होतंय, पट्टी काढताना क्लिपचं लॉक तुटतंयच. सगळं नवीन टाकलंय, आता बघायला नको.”

यातलं निम्मं खरं आहे, आणि म्हणूनच हा प्रकार चालतो. दाराची पट्टी बहुतेक गाड्यांत प्लास्टिकच्या क्लिपांवर बसते. क्लिपच्या टोकाला दाते असतात, ते पत्र्याच्या भोकातून आत गेले की फाकतात आणि धरून ठेवतात. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात वर्षानुवर्षं उभ्या गाडीच्या क्लिपा ठिसूळ होतात, आणि हात कितीही चांगला असला तरी एखादी तुटते. त्याबद्दल कुणाला बोल लावू नये. पार्ट्सच्या काउंटरवर नंतर मी स्वतः चौकशी केली, माझ्या गाडीची एक क्लिप वीस-पंचवीस रुपयांना मिळते. तुटली तर सांगायचं, नवीन घालायची, पैसे घ्यायचे. एवढा सरळ व्यवहार आहे.

पाऊस सुरू झाला आणि पुढच्या दारातून पाणी हिंदकळल्याचा आवाज यायला लागला. दार उघडलं की खळकन आवाज. मग पेठ नाक्याकडं जाताना आष्ट्याच्या अलीकडं पट्टीचं पुढचं टोक सुटलं आणि वाऱ्यानं दारावर आपटायला लागलं. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर ती उडाली असती तर काय झालं असतं, हा विचार अजून अंगावर येतो. रस्त्याकडेला थांबून ती टेपनं बांधली.

भाऊजींच्या ओळखीचे कुपवाडला एक जुने फिटर आहेत. त्यांनी पट्टीच्या टोकाखाली बोट घातलं आणि लगेच म्हणाले, “ताई, ही क्लिपवर नाहीच. चिकटवलीय.” भाऊजींनी तिथूनच मोबाईलवर व्हिडिओ सुरू केला. हे त्यांना सुचलं म्हणून आज माझ्या हातात काहीतरी आहे.

त्यांनी आधी मागच्या दाराची पट्टी काढली, आणि ते काम प्रत्येक गाडीवाल्यानं एकदा जवळून बघावं असं मला मनापासून वाटतं. दार उघडून त्यांनी पहिल्यांदा कडा तपासल्या. काही गाड्यांत पट्टीच्या टोकाला, दार मिटल्यावर झाकल्या जाणाऱ्या कडेला, एखादा स्क्रू असतो. तो न काढता ओढलं की पट्टी तिथंच चिरते. काही गाड्यांत पट्टीला आतून नट असतात, तिथं आतलं डोअर पॅड काढल्याशिवाय बाहेरून हात लावायचा नसतो. काही पट्ट्या सरळ बाहेर येत नाहीत, आधी पुढं किंवा मागं सरकवाव्या लागतात. माझ्या गाडीत यातलं काही नाही, हे बघून मगच त्यांनी पट्टीच्या कडेनं रंगावर मास्किंग टेपचे दोन थर लावले. हीट गन लांब धरून, हात हलता ठेवून पट्टी कोमट केली. कडाक्याच्या उन्हात हे करावं लागत नाही, पण पावसाळी गारव्यात कडक प्लास्टिक ओढलं तर क्लिप गेलीच. मग स्क्रूड्रायव्हर नाही, प्लास्टिकचं चपटं हत्यार पट्टीखाली सारलं. आणि जिथं क्लिप आहे अगदी तिच्याजवळ सारलं, दोन क्लिपांच्या मध्ये नाही. मध्ये जोर दिला तर पट्टी वाकते आणि क्लिप तिरकी होऊन मोडते. एक क्लिप थोडी सैल, मग पुढची, मग परत पहिली. एका टोकाला धरून खसकन ओढणं हाच क्लिपा मोडण्याचा हमखास रस्ता, असं ते म्हणाले. पट्टीला जिथं डबल टेपही होता तिथं मासेमारीची दोरी मागून घालून करवतीसारखी पुढं-मागं केली.

पट्टी निघाली. आतून बघितलं तर बहुतेक क्लिपांची नुसती बुडं पट्टीत होती आणि डोकी, म्हणजे दात्यांची टोकं, गायब. भोकांत सिलिकॉन भरलेलं. पत्र्यावर, भोकाच्या शेजारी, स्क्रूड्रायव्हर टेकवून पिळल्याचे ठसे होते आणि त्यांच्यावर टचअपचा रंग फासलेला. पट्टी परत बसली की ते ठसे झाकले जातात. एकही क्लिप नवीन नव्हती. १,२०० रुपयांचा सेट माझ्या गाडीला कधी लागलाच नाही.

मग पुढच्या दाराची पट्टी काढली, तेव्हा तिथं पाणी का साचत होतं, तेही कळलं. काचेच्या फटीतून दारात पाणी जातंच, गाडी बनवणाऱ्यानं ते धरलेलं असतं, म्हणून दाराच्या तळाला निचऱ्याची भोकं असतात. मोडलेली डोकी दाराच्या आत पडून तळाला गेली होती आणि सिलिकॉनच्या गोळ्यांबरोबर त्यांनी ती भोकं बुजवली होती. फिटरनी तारेनं भोक मोकळं केलं तसं गढूळ पाणी धारेनं बाहेर आलं. क्लिपांच्या भोकांच्या कडेला तांबूस गंज धरला होता. साधं, आंबट वासाचं सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतं आणि उघड्या पत्र्याला ते गंजवतं. चांगल्या क्लिपला खाली रबराची किंवा फोमची चकती असते, ती भोक बंद करते. इथं ते काम सिलिकॉनवर ढकललेलं होतं.

आणि मग ती ‘नवीन’ पट्टी. प्लास्टिकच्या साच्यातून निघणाऱ्या पुष्कळ भागांवर आतल्या बाजूला एक छोटं गोल उठवलेलं असतं. कडेनं १ ते १२ आकडे, मध्ये वर्षाचे दोन आकडे आणि महिन्याकडं दाखवणारा बाण. माझ्या पट्टीवर मध्ये १७ होतं. २०१७ चा माल दुकानात पडून राहिलेला असू शकतो, असं क्षणभर धरून चाला. पण पट्टीच्या आत जुन्या टेपचा वाळलेला थर होता आणि कोपऱ्यात लाल मातीचं किटण. बाहेरून काळं पॉलिश मारून तीच पट्टी मला २,४०० रुपयांना विकली होती. माझीच वस्तू, मलाच.

काचेखालची रबराची पट्टी तर त्यांनी काढलीच नव्हती. रबर नखानं उचललं की खाली जुन्या आणि नव्या रंगाची रेघ स्पष्ट दिसत होती, रबराच्या कडेवर रंगाची धूळही बसलेली. म्हणजे पैसे खोलून रंग मारल्याचे आणि काम मास्किंगचं.

गॅरेजवाल्याकडं गेल्यावर पहिलं उत्तर आलं, “दुसऱ्याकडं खोललीय ना? मग आता आमच्याकडं काय नाही.” हे उत्तर तुम्हालाही मिळेल, म्हणून सांगते: दुसरीकडं पहिला स्क्रू सुटायच्या आधी व्हिडिओ सुरू करा, गाडीचा नंबर आणि पट्टी एकाच चौकटीत येऊ द्या, मध्ये बंद करू नका. तो दाखवल्यावर पट्टीचे २,४०० रुपये रोख पुढं केले, व्हिडिओ कुणाला पाठवायचा नाही या अटीवर. मी घेतले नाहीत.

गाडी टाकतानाच पट्टीचे जवळून, टोकांसकट फोटो काढा आणि ‘जुने भाग परत देणे’ हे एस्टिमेटवर लिहून घ्या. नवीन भाग घातला म्हणत असतील तर त्याचं खोकं आणि पार्ट नंबर बिलावर मागा. गाडी ताब्यात घेताना पट्टी टोकापासून टोकापर्यंत अंगठ्यानं दाबत जा. क्लिपवरची पट्टी घट्ट लागते, सिलिकॉनवरची मऊ दबते. रबर नखानं उचलून रंगाची रेघ आहे का बघा. आणि ज्यांच्या पट्ट्या मुळातच डबल टेपवर आहेत त्यांनी दोन-तीन दिवस गाडी धुऊ नये, टेपला पूर्ण पकड यायला तेवढा वेळ लागतो. एवढं तपासताना मालक वैतागला तरी वैतागू द्या. नीट काम करणारा माणूस उलट स्वतःहून दाखवतो, कुपवाडच्या फिटरनी मोडलेलं एकेक डोकं माझ्या हातावर ठेवलं होतं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. त्यानंतर गॅरेजवाल्यानं क्लिप आणि पट्टी, दोन्हींचे पैसे माझ्या खात्यावर जमा केले. पण गंज काढून दारं परत रंगवायचा खर्च द्यायला ते तयार नाहीत, आणि तोच मोठा आहे. सिलिकॉनचा अंश राहिला तर नवीन रंगावर बारीक खड्डे उठतात, त्यामुळं दुसऱ्या पेंटरनं आधी सगळी सफाई वेगळी सांगितली आहे.

जुना माल नवीन म्हणून विकणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं अनुचित व्यापार प्रथा ठरते. दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडं जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. माझा अर्ज तयार आहे. एस्टिमेट, बिल, पैसे दिल्याची नोंद, व्हिडिओ आणि मोडक्या क्लिपांची पुडी त्याला जोडते आहे.