सिस की ट्रान्स? एनएमआर, आयआर आणि द्रवणांक यांवर किती भिस्त ठेवावी

अल्कीन (कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेला रेणू) तयार झालं, टीएलसीवर (शुद्धता तपासायच्या पातळ थराच्या पट्टीवर) एकच ठिपका आला, आता आयसोमर कुठला ते ठरवायचंय: सिस म्हणजे दुहेरी बंधाच्या दोन टोकांचे गट एकाच बाजूला, ट्रान्स म्हणजे विरुद्ध बाजूंना. पद्धत निवडण्याआधी दुहेरी बंधाच्या दोन कार्बनांवर मिळून किती हायड्रोजन उरलेत ते मोजा. दोन्हींवर एकेक असेल, तर प्रोटॉन एनएमआरपुढे (चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनांचे सिग्नल मोजण्याच्या पद्धतीपुढे) बाकीच्या पद्धती फिक्या पडतात. एकूण एकच असेल, तर कार्बन-१३ एनएमआर आणि एनओई (अवकाशात जवळ असलेल्या हायड्रोजनांचा एकमेकांच्या सिग्नलवरचा परिणाम). एकही नसेल, तर बऱ्याचदा स्फटिक वाढवून एक्स-रे करावा लागतो. आयआर (अवरक्त किरणांचं शोषण) आणि द्रवणांक यांच्यावर एकट्याने निकाल देऊ नये. अपवाद पुढे येतीलच.

दोन हायड्रोजन असतील तर

सिस जोडीचा कपलिंग कॉन्स्टंट (शेजारच्या हायड्रोजनमुळे सिग्नल किती हर्ट्झने फुटतो तो आकडा) ६ ते १२ हर्ट्झ, ट्रान्सचा १२ ते १८. नेहमी दिसतात ते १० आणि १६ च्या आसपासचे आकडे. ट्रान्स जोडीतल्या दोन सी-एच बंधांमधला पिळाचा (डायहेड्रल) कोन १८० अंशांचा असतो आणि तिथे कपलिंग सर्वांत जोरदार होतं. ट्रान्स सिनॅमिक आम्लात १६ हर्ट्झ मिळतात, सिसमध्ये साडेबारा. म्हणजे सिसचा आकडा सीमारेषेच्या किंचित पलीकडेही चढतो, आणि तिथे मोजणीतली ढिलाई महागात पडते.

प्रिंटआउटवर शिखरं दोन दशांश स्थळांपर्यंत छापलेली असतात. ४०० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर ०.०१ पीपीएम (शिखराच्या स्थानाचं एकक) म्हणजे ४ हर्ट्झ. ७.८० आणि ७.७६ यांच्या वजाबाकीतून १६ निघतात खरे, पण आकडे पूर्णांकित झालेले असल्याने खरा फरक १२ ते २० मध्ये कुठेही असू शकतो. शिखरांची यादी हर्ट्झमध्येच मागून घ्या.

दुसरी फसगत विद्युतऋण अणूंमुळे होते. फ्लोरिन किंवा ऑक्सिजन थेट दुहेरी बंधावर बसला की दोन्ही आकडे खाली घसरतात. व्हिनाइल फ्लोराइडमध्ये ट्रान्स जोडी पावणेतेराच्या आसपास, तर सिस पाचच्याही खाली. ईनॉल ईथरमध्ये ट्रान्स १२-१३, सिस ६-७. इथे १२ हर्ट्झ दिसले म्हणून कोष्टकावर बोट ठेवून ‘सिस’ लिहिलं की उत्तर चुकलंच.

रेणू सममित असला तर दोन्ही हायड्रोजन सारखेच, सिग्नल फुटतच नाही. दोन्ही आयसोमर हाताशी असतील तर स्थानावरूनच निभावतं: डायमिथाइल फ्युमरेटचा (ट्रान्स) सिंगलेट, म्हणजे न फुटलेलं शिखर, ६.८ पीपीएमच्या वर, मॅलिएटचा (सिस) ६.३ च्या खाली. एकच आयसोमर असेल तर कार्बन-१३ सॅटेलाइट बघा. मुख्य शिखराच्या दोन्ही बाजूंना सुमारे ८० हर्ट्झवर, अर्ध्या टक्क्याच्या आसपास तीव्रतेची ही पिलं असतात. ती एक कार्बन कार्बन-१३ असलेल्या रेणूंची असतात, तिथे सममिती मोडलेली असल्याने हायड्रोजन-हायड्रोजन कपलिंग उघड दिसतं. स्कॅन भरपूर घ्यावे लागतात आणि शिमिंग (चुंबकीय क्षेत्र एकसारखं करणं) चोख लागतं.

एकच हायड्रोजन असेल तर

जेरॅनिऑल आणि नेरॉल ही एकमेकांची आयसोमर असलेली अल्कोहोलं घ्या. इथे कपलिंग मोजायला जोडीच नाही. पण साध्या कार्बन स्पेक्ट्रममध्ये, अल्कोहोलाकडच्या दुहेरी बंधावरचा मिथाइल जेरॅनिऑलमध्ये १६ पीपीएमला येतो आणि नेरॉलमध्ये २३ ला. जेरॅनिऑलमध्ये हा मिथाइल अल्कोहोलाच्या सीएच₂ गटाच्या बाजूला दाटीत असतो, म्हणून त्याचं शिखर कमी पीपीएमकडे सरकतं. मोजपट्टी रेणूतच मिळते: शेपटीकडच्या कार्बनवर दोन मिथाइल आहेत, दाटीतला १७.७ ला आणि मोकळा २५.७ ला. त्यामुळे तुलनेला दुसरा आयसोमर नसला तरी चालतं.

एनओईचा पुरावा जास्त थेट असतो. नेरॉलमध्ये दुहेरी बंधावरचा हायड्रोजन आणि तो मिथाइल एका बाजूला, म्हणून त्यांच्यात क्रॉस-पीक (जोडी जवळ असल्याची खूण) दिसतो. जेरॅनिऑलमध्ये तोच हायड्रोजन साखळीच्या सीएच₂ शी बोलतो. मात्र क्रॉस-पीक दिसला नाही एवढ्यावर उलट निष्कर्ष काढू नका. अपेक्षित जोडीचा क्रॉस-पीक दिसायलाच हवा. सिग्नल एकमेकांवर चढलेले असले तर क्रॉस-पीक लपतो, आणि रेणुभार हजार-दोन हजारांच्या घरात असला तर एनओई शून्याजवळ जातो. एनओई शून्याजवळ असेल तेव्हा रोझी (ROESY, एनओईचाच दुसऱ्या पद्धतीचा प्रयोग) करून घ्या. नमुना बाहेर पाठवत असाल तर पहिल्या फेरीत प्रोटॉन आणि कार्बनच मागा. बऱ्याचदा नोझीचा (NOESY, नेहमीच्या एनओई प्रयोगाचा) खर्च वाचतो.

गवती चहाच्या तेलातल्या सिट्रालमध्ये (जेरॅनिअल आणि नेरॅल या दोन आयसोमरांच्या मिश्रणात) आल्डिहाइडचे दोन डबलेट (दोनात फुटलेले सिग्नल) दिसतात, जेरॅनिअलचा ९.९९ जवळ आणि नेरॅलचा ९.८९ जवळ. दोन्हींत कपलिंग सुमारे ८ हर्ट्झच. ते ८ हर्ट्झ एकेरी बंधापलीकडच्या शेजाऱ्याचे आहेत, त्यांचा सिस-ट्रान्सशी संबंध नाही. प्रमाण काढायला मात्र या दोन डबलेटांचं इंटिग्रेशन (शिखरांखालचं क्षेत्रफळ) फार सोयीचं.

आयआर कुठे खरंच उपयोगी

ट्रान्स द्विप्रतिस्थापित (दोन्ही कार्बनांवर एकेक गट असलेल्या) अल्कीनची ९६० ते ९८० सेंमी⁻¹ ची पट्टी ठळक असते. सिसची ७३० ते ६७० मधली पट्टी पसरट, आणि बेंझीन वलय असेल तर त्याच गर्दीत हरवते. म्हणून ९७० ची पट्टी हा चांगला पुरावा. ती नसणं हा सिसचा कमकुवत पुरावा. खाद्यतेलांचं गणित वेगळं: साखळ्या लांब, इतर गट कमी, त्यामुळे ९६६ सेंमी⁻¹ वरून एकूण ट्रान्स फॅट मोजता येतं. भारतात जानेवारी २०२२ पासून ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्के आहे. कुठलं आम्ल किती हे हवं असेल तर मिथाइल एस्टर करून १०० मीटरच्या सायनोप्रोपिल कॉलमवर जीसी (वायू क्रोमॅटोग्राफी) करा.

द्रवणांक आणि साध्या चाचण्या

ट्रान्स उंच तापमानाला वितळतो, सिस उंच तापमानाला उकळतो, हा ठोकताळा बऱ्याचदा चालतो: डायक्लोरोइथीनमध्ये सिस ६० अंशांना उकळतो, ट्रान्स ४८ ला. पण १-क्लोरोप्रोपीनमध्ये उलटं, सिस ३३ आणि ट्रान्स ३७. मॅलिइक (सिस) आणि फ्युमॅरिक (ट्रान्स) आम्लांच्या जोडीला मात्र यंत्र लागत नाही. १ ग्रॅम पावडर ५ मिलिलिटर पाण्यात खोलीच्या तापमानाला हलवा: मॅलिइक विरघळून जातं, फ्युमॅरिक जवळपास सगळं तळाशी राहतं. द्रवणांक घ्यायचाच असेल तर फ्युमॅरिकची केशनलिका दोन्हीकडून बंद करा, नाहीतर २८७ अंश गाठण्याआधी नमुना उडून जातो. मॅलिइक १३५ च्या सुमारास वितळतं, पण सावकाश तापवलं तर पाणी सोडून अनहायड्राइड होऊ लागतं आणि आकडा पसरतो.

पद्धत कुठलीही निवडा, सिस नमुना उजेडापासून जपा. आयोडीनचा अंश किंवा जुन्या क्लोरोफॉर्म-डी (एनएमआरचं सॉल्व्हंट) मधलं आम्ल यांनीही त्याचं ट्रान्स होऊ शकतं. सॉल्व्हंट बेसिक अल्युमिनातून गाळून घ्या, ट्यूबला फॉइल गुंडाळा. शंका वाटली तर तीच ट्यूब दुसऱ्या दिवशी पुन्हा लावा. ट्रान्सची शिखरं वाढलेली दिसली तर आदल्या दिवशी मोजलेलं प्रमाणही धरून चालू नका.